हिशेब चोख, धंदा एकच

सुट्टीत गिरगावात गेले की लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "हिऱ्यांच्या देशात राहतेस, म्हणजे तिकडे मंत्री गब्बर आणि लोक उपाशी, हो ना?" मी असॉर्टर, म्हणजे हिरे पारखून निवडणारी. ऑपेरा हाऊसला रफच्या, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांच्या, पुड्या उघडून माल निवडायला शिकले. 2013 मध्ये डी बीअर्स या बड्या हिरेकंपनीने रफची विक्री लंडनहून बोत्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोनला हलवली, आणि त्या लाटेत मीही इथे आले. या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: बोत्स्वानाची गोष्ट चोरीची नाहीच. म्हणून तर आत्ता जे चाललंय ते जास्त लागतं.

1966 साली हा देश स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम 12 किलोमीटर. गुरं विकायची, नाहीतर तरण्या पोरांनी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत राबायला जायचं, एवढीच कमाई. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ओरापा येतं बांग्वाटो जमातीच्या मुलखात, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. 'हे आमचं' म्हणायला त्यांना कोण अडवणार होतं? पण जमिनीखालचं ते जमातीचं नाही, देशाचं, असा कायदा 1967 मध्ये झाला. अंगोलात आणि सिएरा लिओनमध्ये हिऱ्यांच्या पैशावर वर्षानुवर्षं युद्धं चालली. इथे वाटणीचं भांडण सुरूच झालं नाही. एवढ्या एका निर्णयासाठी मी त्या माणसाला शंभर चुका माफ करीन.

डी बीअर्सशीही त्यांनी धीराने घेतलं. दोघांच्या खाणकंपनीत, डेब्स्वानात, सरकारचा वाटा आधी 15 टक्के होता, 1975 मध्ये तो 50 झाला. शेजारच्या झांबियाने तांब्याच्या खाणी ताब्यात घेतल्या आणि भाव कोसळल्यावर त्याच गळ्यात पडल्या. इथे तसं काही झालं नाही. 1982 मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. किमतीच्या हिशेबाने जगातली सगळ्यात श्रीमंत खाण म्हणतात ती हीच. पैसा शाळांत, रस्त्यांत, दवाखान्यांत गेला, आणि उरलेला 1994 पासून पुला फंड या सरकारी बचत निधीतून परदेशी गुंतवला. एड्सची औषधं सरकारी खर्चाने देणारा आफ्रिकेतला पहिला देश हाच, 2002 साली. लोकसंख्या 25 लाखांच्या आसपास. पुण्यातही याहून जास्त माणसं राहतात.

मग अडलं कुठे? निर्यातीत हिऱ्यांचा वाटा 80 टक्क्यांच्या घरात, सरकारी उत्पन्नात एक तृतीयांशाच्या आसपास. या पैशाने सरकार चालतं, आणि सरकार हाच सगळ्यात मोठा मालक. कॉलेज झालेली मुलं सरकारी नोकरीची वाट बघत बसतात. दर चार जणांमागे एक बेरोजगार.

दुसरे धंदे काढून पाहिले नाहीत असं नाही. नव्वदच्या दशकात ह्युंदाईच्या गाड्या जोडायचा कारखाना आला, 2000 मध्ये बंद पडला. सेलेबी-फिक्वेची तांबं-निकेलची खाण 2016 मध्ये बंद झाली आणि पाच हजारांवर माणसं एकदम घरी बसली. समुद्र नाही, बाजार चिमुकला, शेजारी दक्षिण आफ्रिका. साबणापासून बिस्किटापर्यंत सगळं तिकडूनच येतं, आणि स्वस्तात येतं. अशा जागी कारखाना कोण काढणार?

आणि मग आलं सीव्हीडी. बाजारात प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला सरसकट हेच म्हणतात. गंमत म्हणजे तो माल बनतो आपल्या सुरतेत, आणि 2023 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडन यांना भेट दिला तोही तसलाच, साडेसात कॅरटचा. त्याचे भाव गडगडले, खऱ्याचेही खेचले गेले. डेब्स्वानाने 2024 मध्ये उत्पादन एक चतुर्थांशाहून जास्त कमी केलं. त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे 3 टक्क्यांनी आक्रसली. त्याच वर्षी इथल्या कारोवे खाणीत जवळपास अडीच हजार कॅरटचा दगड सापडला, 1905 च्या कलिननखालोखाल जगातला सगळ्यात मोठा. फोटो सगळीकडे फिरले. पण निवडणुकीत 58 वर्षं राज्य करणारा पक्ष चार जागांवर आला. ऑगस्ट 2025 मध्ये औषधंच संपत आल्यामुळे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांना सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. जिथे एड्सची औषधं मोफत मिळायची, तिथे.

डी बीअर्सची मालक कंपनी अँग्लो अमेरिकन आता ती विकायला निघाली आहे, आणि बोको सरकारला त्यात मोठा वाटा हवा आहे. मला हे पटत नाही. ज्या मालाचा भाव उतरताना मी रोज टेबलावर बघते, त्याच्या आख्ख्या दुकानावर पैसा लावायचा? हे मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलून दाखवलं. ती इथलीच, माझ्यापेक्षा नजर तयार असलेली. म्हणाली, "मा, आमच्याकडे दुसरं विकायला आहे काय?" मी गोमांस म्हटलं, ओकावांगोच्या पाणथळीतलं पर्यटन म्हटलं, उन्हावरची वीज म्हटलं. तिने आयग्लास न काढताच विचारलं, "यातल्या कुठल्या कामात मला इथल्याएवढा पगार मिळेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाटा घेण्यामागे सरकारचा हिशेबही बहुधा तिच्यासारखाच आहे, आणि तो चुकीचा आहे असं मला अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही.