नीवे हेळ्री, सिस्टर

बुधवार, रात्रपाळीनंतरची सकाळ

पाळी आठ वाजता संपली, परंतु हॅन्डओव्हर, औषधांची मोजणी आणि पावसामुळे रखडलेली बस यांमुळे बेळगावातल्या अनगोळला घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले. झोप येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे अंथरुणावर न पडता लिहायला बसले आहे.

पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी पाच क्रमांकाच्या खाटेवरील रुग्ण गेले. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतील एका वाडीतून परवा त्यांना आणले होते. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता आणि आणले तेव्हाच डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला दाद देत नव्हत्या. ड्यूटीवरचे डॉक्टर कलबुर्गीकडचे आहेत, वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान आणि कामाला चोख. आम्ही दोघांनी आळीपाळीने छातीवर दाब देऊन पाहिला, मॉनिटरवरची रेघ सरळ झाली ती झालीच, त्यांनी वेळ लिहून घेतली आणि काचेच्या दारापलीकडे बाकावर बसलेल्या मायलेकरांकडे एकदा पाहून मला म्हणाले, "अवरिगे कन्नड बरल्ल. नीवे हेळ्री, सिस्टर." त्यांना कन्नड येत नाही, तुम्हीच सांगा.

मी सांगितले. १७ वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कानावर पडताच पाय आपोआप दाराकडे वळतात. बेळगावच्या दवाखान्यांत खानापूरचे, हुक्केरीचे, बैलहोंगलचे आणि सीमेपलीकडच्या चंदगडचेही रुग्ण येतात, कारण चंदगडकरांना कोल्हापुरापेक्षा बेळगाव जवळ पडते. त्यामुळे एका रात्रीत एका खाटेशी मराठी, दुसरीशी कन्नड आणि तिसरीशी कोकणी बोलावे लागते, आणि आम्हां स्थानिक परिचारिकांना त्यात काही विशेष वाटत नाही. पाणी पाजणे, कूस बदलणे, दुखते का म्हणून विचारणे हे कोणत्याही भाषेत होते. मरणाची बातमी मात्र तशी होत नाही.

त्या बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलेच नाही. माझ्या तोंडाकडे पाहत त्यांनी विचारले, "काय म्हणूलालेत ते?" मी म्हटले, "काकू, बसा. त्यांचं हृदय बंद पडलं. आम्ही पुष्कळ प्रयत्न केले. त्यांचा मृत्यू झाला." मुलगा उभाच होता. तो म्हणाला, "सकाळपर्यंत तरी ठेवायला पायजे होतं की, अक्का." जणू त्यांना ठेवणे किंवा सोडणे माझ्या हाती होते. मी ते डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगितले, डॉक्टरांनी दोन वाक्यांत रक्तस्रावाचे कारण सांगितले, मी ते मराठीत आणले, मुलाने पुन्हा विचारले. हे २५ मिनिटे चालले. तेवढ्या वेळात माझ्याकडच्या दुसऱ्या दोन खाटा सहकारी परिचारिकेने सांभाळल्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या सूत्रानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका हवी. काल रात्री सात खाटांमागे आम्ही तिघी होतो, आणि ती बरी रात्र म्हणायची.

'मृत्यू' हा शब्द मी आता जाणूनबुजून वापरते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका म्हाताऱ्या आजींना "आजोबा गेले" असे सांगितले होते. आजींनी पदर सावरला, पिशवी उचलली आणि शांतपणे विचारले, "कुठं? मोठ्या दवाखान्यात नेलं काय?" त्या पिशवीत आजोबांचे धुतलेले धोतर होते. तेव्हापासून 'गेले', 'वारले', 'देवाघरी गेले' हे सगळे शब्द, माझ्या आईच्या तोंडचे असूनही, मी दवाखान्याच्या दारात वापरत नाही. पुढे कधीतरी कळले की वाईट बातमी कशी सांगावी याची कर्करोगतज्ज्ञांनी आखलेली सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली आणि ती डॉक्टरांना शिकवतात: आधी निवांत जागा पाहावी, समोरच्याला काय ठाऊक आहे ते विचारावे, किती ऐकायचे आहे ते विचारावे, मग सांगावे, त्याच्या दुःखाला जागा द्यावी आणि शेवटी पुढचे बोलावे. पद्धत चांगली आहे. परंतु सांगणारा एक आणि बोलणारी दुसरी असेल तर त्या सहा पायऱ्या कोणी चढायच्या, हे तिथे लिहिलेले मला आढळले नाही.

मग मी रिपोर्ट बुक लिहिले. रक्तदाब, लघवीचे प्रमाण, किती सलाईन गेले, शेवटची इंजेक्शने किती वाजता दिली, मृतदेह किती वाजता शवागारात हलवला, कोणी सही करून ताब्यात घेतला. सगळ्यांसाठी रकाने आहेत. त्या २५ मिनिटांसाठी नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणाला सांगितली तर विचित्र वाटेल. कन्नड नातेवाइकांना अशीच बातमी देताना मला इतके लागत नाही. "तीरिकोंडरु", म्हणजे वारले, हा शब्द मी उच्चारते, त्यांच्याजवळ उभी राहते, पाणी देते, पण घरी येऊन जेवू शकते. कन्नड मी शाळेत शिकले, नोकरीत पक्की केली. ती माझ्या कामाची भाषा आहे, ॲप्रनसारखी, ड्यूटीवर घालायची आणि परतताना काढून ठेवायची. मराठी काढून ठेवता येत नाही. बाबांची बातमी मला ज्या भाषेत कळली त्याच भाषेत मी ती दुसऱ्याच्या मुलाला देते. लहानपणी शिकलेल्या भाषेतील शब्द मनाला अधिक भिडतात, असे भाषा आणि भावना यांचा अभ्यास करणारे सांगतात. मला त्यासाठी अभ्यासाची गरज पडली नाही. सीमाभागात भाषेवरून जेवढे बोलले जाते तेवढे क्वचितच कुठे बोलले जात असेल. १ नोव्हेंबरला याच शहरात एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेची, राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी. पाट्यांवरून भांडण होते, बसला काळे फासले जाते. परंतु पहाटे पावणेचारला अतिदक्षता विभागाच्या दारात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मरण कोणी वाहून न्यायचे, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कोणी मांडल्याचे मला आठवत नाही.

शुक्रवार

आज दुपारी २ ते ४ या वेळेत कर्मचाऱ्यांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाचे सत्र होते. रात्रपाळीच्या आम्हां सहा जणींनी त्यासाठी झोप मोडून हजेरी लावली, ही त्यातील पहिली गंमत. श्वासाचे व्यायाम झाले, डोळे मिटून समुद्रकिनारा आठवायला सांगितले. शेजारी बसलेली सफाई विभागातील मावशी लगेच घोरू लागली आणि माझ्या मते संपूर्ण सभागृहात सत्राचा खरा उपयोग तिलाच झाला.

पडद्यावरची एक स्लाइड मात्र मी नीट वाचली. 'बर्नआउट' म्हणजे कामातून येणारे करपलेपण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला आजार म्हटलेले नाही, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आटोपलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. तिची लक्षणे तीन: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याविषयी कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. पहिले तर रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकीला असते. तिसरे मला नाही. सलाईनची सुई मी आजही अंधारात लावू शकते. दुसऱ्यापाशी मी थांबले. गेल्या महिन्यात चंदगडच्या एका नातेवाइकाने "डॉक्टरांनाच बोलवा" म्हणून आग्रह धरला तेव्हा मी त्याला फाडकन म्हटले होते, "बोलवते, पण ते जे सांगतील ते शेवटी मीच सांगणार आहे." ते बरोबर होते आणि ते मी बोलायला नको होते.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा मी उठून विचारले की भाषांतराचे काम ड्यूटीत धरतात का. वक्त्यांना प्रश्न समजला नसावा. ते म्हणाले, दोन भाषा येणे हे मेंदूसाठी फार चांगले असते.

घरी आल्यावर ही गोष्ट आमच्या यांना सांगितली तेव्हा ते खूप हसले. ते उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करतात. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्याकडं आवाजाला कानात घालायला बोळे देतात. तुझ्या कानाला काय देणार?" मी म्हटले, कानाला नको, तोंडाला पाहिजे.

रविवार, सुट्टी

टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर लावलेला आहे. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि बंगळूरूची निम्हान्स संस्था तिचे मुख्य केंद्र आहे. रुग्णांच्या नातेवाइकांना हा क्रमांक मी कितीतरी वेळा कागदावर लिहून दिला आहे. स्वतःसाठी कधी लावला नव्हता. दवाखान्यातल्याच मानसोपचार विभागात जायचे तर केसपेपरवर नाव येणार, आणि तो केसपेपर फाइल करणारी माझी मैत्रीण असणार. शिवाय आमच्या गल्लीत 'हिला आता धारवाडला पाठवायला पाहिजे' ही अजूनही थट्टा आहे. धारवाडच्या मनोरुग्णालयाच्या नावाने बेळगावात पिढ्यान्पिढ्या घाबरवले गेले आहे.

गेल्या आठवड्यात गच्चीवर जाऊन मी तो क्रमांक लावला होता. आवाज आला: भाषा निवडा. आणि मी फोन ठेवून दिला. कोणती भाषा निवडायची हेच मला कळेना, आणि याचे मला हसू आले, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिले नाही.

आज पुन्हा लावला आणि कन्नड निवडली. मराठीत बोलले असते तर बाबांपासून सुरुवात झाली असती आणि पुढे काही सांगता आले नसते, असे वाटले. पलीकडे एक बाई होत्या, धारवाडकडच्या बोलीच्या. "हेळ्री, केळ्तीनि," असे म्हणून त्या गप्प राहिल्या. सांगा, मी ऐकते. मी पाच क्रमांकाच्या खाटेपासून सुरुवात करून उलट दिशेने १७ वर्षे मागे गेले, धोतराच्या पिशवीपर्यंत. त्या मध्ये फारसे बोलल्या नाहीत. एकदाच त्यांनी विचारले, बातमी सांगून झाल्यावर तुम्ही काय करता? मी म्हटले, पुढच्या खाटेचे सलाईन बदलते. त्या म्हणाल्या, त्याच्या आधी? त्याच्या आधी काही नसते.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी रूढ केलेला एक प्रघात मी पूर्वी वाचला होता: रुग्ण दगावल्यावर खाटेभोवतीच्या सगळ्यांनी क्षणभर हात थांबवून स्तब्ध उभे राहायचे, गेलेल्या माणसासाठी आणि प्रयत्न केलेल्यांसाठी. तेव्हा वाटले होते, आमच्याकडे कोण थांबणार. आता वाटते, खाटेभोवती न जमले तरी दारातून परतताना चादरींच्या खोलीत मी एकटी एक मिनिट उभी राहू शकते. एका मिनिटासाठी कोणाची परवानगी लागू नये.

मंगळवार, पहाट, वॉर्डातूनच

आज लिहायला घरी जाईपर्यंत धीर नाही. रात्री दोनच्या सुमारास आणखी एक मृत्यू झाला, येळ्ळूरच्या आजी, वय झालेले होते आणि घरच्यांना अंदाज होता. मी सांगून आले, चादरींच्या खोलीत उभी राहिले, आणि मग रिपोर्ट बुकात, जिथे रकाना नाही तिथे समासात लिहिले: '२.१५, नातेवाइकांना मराठीत कळवले. २० मिनिटे.' आमच्या इनचार्ज सिस्टर वहीवर नजर टाकायला आल्या, त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, इतर ओळींपुढे करतात तशी तिच्यापुढेही सही केली आणि सलाईनच्या बाटल्या किती उरल्या ते विचारले.

डॉक्टर हे पाहत होते. थोड्या वेळाने चहाचे दोन कागदी पेले घेऊन आले आणि म्हणाले, मी तिथे उभा असतो आणि ती माणसे माझ्यासमोर रडतात, मला एक शब्द कळत नाही, मला फार चोरट्यासारखे वाटते. मला निदान पहिले वाक्य मराठीत शिकवाल का? मी त्यांना सांगितले: 'मी डॉक्टर आहे. तुमच्या वडिलांचा मृत्यू झाला आहे.' वडिलांच्या जागी आईच्या, पतीच्या, पत्नीच्या कसे घालायचे तेही सांगितले. त्यांनी ते खिशातल्या छोट्या वहीत कन्नड लिपीत लिहून घेतले. 'झाला' मधला झ त्यांच्या जिभेवर काही बसेना. ते तो 'झाड' मधला न काढता 'झेंडा' मधला काढत राहिले. मी म्हटले, पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटले. एवढ्यात तीन क्रमांकाचा मॉनिटर वाजला आणि आम्ही दोघेही उठलो.