वेंगरचा सातबारा

भाऊबीजेला ताईकडे जेवणं झाली की एक भांडण ठरलेलं असतं. ओवाळणीची पाकिटं देऊन झालेली असतात, आतल्या खोलीत साड्यांच्या घड्या मोडल्या जात असतात आणि बाहेर दिवाणावर आम्ही तिघं: मी, माझा आतेभाऊ म्हणजे दादा आणि ताईचा मुलगा. मध्ये फराळाचं ताट. भांडण जमिनीवरून नसतं, आमच्यात भांडण्याएवढी जमीन उरलेलीच नाही. ते असतं आर्सेन वेंगरवरून. हा गृहस्थ १९४९ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला जन्मला, बावीस वर्षं लंडनमध्ये आर्सेनल या फुटबॉल क्लबचा मॅनेजर होता आणि २०१८ मध्ये नोकरी सोडून घरी गेला. आमचा त्याच्याशी संबंध म्हणाल तर ना नात्याचा ना गोत्याचा.

यंदा भाच्यानं सुरुवात केली. "खरं सांगू का मामा, तो दहा वर्षं आधी गेला असता तर बरं झालं असतं."

दादाच्या हातातली चकली तोंडापर्यंत जाऊन थांबली. "कोण? म्हातारा?"

दादा वेंगरला म्हातारा म्हणतो. कोल्हापुरात ज्याच्यावर जीव असतो त्याला नावानं हाक मारत नाहीत. दादा शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलाय. पेठेच्या तालमीचा संघ हरला की दोन दिवस गल्लीतून मान खाली घालून जायचं, हे त्याचं फुटबॉलचं शिक्षण. पुढं केबल आली, रात्री इंग्लंडचे सामने दिसायला लागले आणि हा पठ्ठ्या उत्तर लंडनला दत्तक गेला.

आपल्याकडे कुणाचा वारसा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आधी तलाठ्याचं दप्तर येतं. सातबाऱ्यात सात नंबरला जमीन कुणाची ते असतं, त्यातच 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा चढवलेला असतो आणि बारा नंबरला कोणत्या साली काय पीक निघालं त्याची नोंद. वेंगरच्या बाबतीत आम्ही तिघं एकाच उताऱ्यातले वेगवेगळे रकाने वाचतो आणि दुसऱ्याला वाचताच येत नाही म्हणून ओरडतो.

दादा फक्त पिकं वाचतो. १९९६ च्या शरदात हा माणूस जपानमधल्या नागोयाहून आला, तेव्हा लंडनच्या एका पेपरनं 'आर्सेन कोण?' असा मथळा दिला होता. चष्मेवाला, उंच, शाळामास्तरासारखा. आल्या आल्या त्यानं खेळाडूंच्या ताटाला हात घातला. वाफवलेले मासे, उकडलेलं चिकन, ब्रोकोली. बिअर आणि चॉकलेट बंद. सुरुवातीच्या एका सामन्याला जाताना बसच्या मागच्या बाकांवरून 'आमचे मार्स बार परत द्या' असं समूहगान झालं म्हणतात. हे सांगताना दादा दुसरा बेसनलाडू उचलतो. त्याला साखर आहे, हे आम्हां सगळ्यांना माहीत आहे. वेंगर त्याला फक्त टीव्हीवर भेटला.

मग पाढे सुरू होतात. १९९८: इंग्लंडची लीग आणि बाद फेऱ्यांचा एफए कप, दोन्ही. २००२: पुन्हा दोन्ही. २००३-०४: अडतीस सामने, सव्वीस जिंकले, बारा बरोबरीत, हरला एकही नाही. मागचेपुढचे धरून सलग एकोणपन्नास सामने न हरता. एफए कप एकूण सात. बर्गकाम्प, व्हिएरा, ऑन्री, पिरेस ही नावं दादा अशा सुरात घेतो, की ताईच्या सासूबाईंना एकदा ती कुठल्या तरी आरतीची सुरुवात वाटली होती.

त्याचा सगळ्यात लाडका किस्सा मात्र आनेल्काचा. पॅरिसहून पाचेक लाख पौंडांत आणलेलं पोर. दोन वर्षांत तयार केलं आणि १९९९ मध्ये रेआल माद्रिदला दोन कोटी वीस लाखांच्या वर विकलं. त्याच उन्हाळ्यात युव्हेंटसमध्ये न रमलेला ऑन्री साधारण त्याच्या निम्म्या पैशांत आणला आणि उरलेल्या रकमेचा मोठा हातभार लंडन कॉलनी गावातल्या नव्या सराव मैदानाला लागला. "एक बैल विकला," दादा म्हणतो, "त्यात दुसरा चांगला बैल घेतला, वर गोठा बांधला." २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा आनेल्का आणि युंगबर्ग मुंबई सिटीकडून उतरले आणि पिरेस एफसी गोवाकडून. म्हाताऱ्याची तीन पोरं एकाच वर्षी आपल्या दारात. दादा रात्रीच्या गाडीनं नव्या मुंबईला गेला, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये बसला आणि आल्यावर म्हणाला, "पोरगं पिकलंय आता. पण समोर आलं तेव्हा वाटलं, लंडन कॉलनीचं मैदानच चालत आलंय."

माझी नजर बोज्याच्या रकान्यावर जाते, कारण मी या घरात उशिरा आलो. २००६ मध्ये. हायबरी सोडून आर्सेनल शेजारीच बांधलेल्या एमिरेट्सवर राहायला गेलं ते वर्ष. जुन्या घरात अडतीस हजार माणसं मावायची, नव्यात साठ हजार. खर्च सुमारे एकोणचाळीस कोटी पौंड. म्हणजे मी गृहप्रवेशाचं जेवायला आलो आणि दुसऱ्या दिवसापासून हप्ते सुरू झाले. त्यातून शेजारपाजार असा, की चेल्सीला २००३ मध्ये रशियन धनको मिळालेला आणि मँचेस्टर सिटीच्या विहिरीला २००८ मध्ये अबू धाबीचं पाणी लागलेलं. आमच्याकडे मात्र दर उन्हाळ्यात कुणीतरी घर सोडून जायचं. फॅब्रेगास गेला, नास्री गेला. व्हान पर्सी गेला तो थेट मँचेस्टर युनायटेडला आणि तिथं पहिल्याच वर्षी लीग जिंकला. २००५ च्या कपानंतर २०१४ च्या कपापर्यंत बारा नंबरला नुसतं 'पड, पड, पड'. तरी दरवर्षी पहिल्या चारांत नंबर यायचा, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या स्पर्धेचे पैसे यायचे, हप्ता जायचा. पहिल्या चारांत येणं हासुद्धा एक चषकच आहे, अशा अर्थाचं वेंगर बोलला तेव्हा जग हसलं. गृहकर्ज फेडणारा माणूस हसला नसणार.

इथपर्यंत मी दादाच्या बाजूनं असतो. भांडण पुढं आहे. आमच्या फ्लॅटचे हप्ते फिटून सात-आठ वर्षं झाली होती, तरी माझे वडील रात्री गॅलरीतला दिवा बंद करायला उठायचे. आम्ही बोलत बसलेलो असलो तरी. अंधारात आम्ही तसेच बोलत राहायचो. २०१३ नंतर वेंगरचं तेच झालं, असं माझं म्हणणं आहे. पैसा मोकळा झाला, ओझिलला सव्वाचार कोटी मोजले, पण हात सैल होईना. त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या सुआरेझसाठी बोली लावली ती चार कोटी आणि वर एक पौंड. करारातला आकडा चार कोटींच्या वरचा होता म्हणून वर फक्त एक पौंड! मंडईत कोथिंबिरीची जुडी घेताना असं केलं तरी मावशी जुडी परत ठेवून घेते. लिव्हरपूलनंही तेच केलं. बचावाच्या मध्यभागी एक धडधाकट माणूस हवा, हे आम्हाला पुण्यात बसून दिसत होतं आणि तो दर ऑगस्टला 'योग्य माणूस मिळाला तरच' म्हणत होता. हप्त्यांचा ताण सुटला, सवय सुटली नाही.

"मग मी काय वेगळं म्हणतोय?" भाचा म्हणतो.

भाचा २००६ चा, म्हणजे हायबरी बंद झालं त्याच वर्षी जन्मलेला. त्याच्या उताऱ्यावर फक्त वसुलीच्या नोटिसा आहेत. २०११, ओल्ड ट्रॅफर्ड, आठ-दोन. २०१४, वेंगरचा आर्सेनलमधला हजारावा सामना, चेल्सीकडून सहा-शून्य. २०१७, बायर्न म्युनिक, दोन सामने मिळून दहा-दोन. सगळं त्याच्या फोनमध्ये, बोट सरकवलं की हजर. आणि सगळ्यांच्या वर तो व्हिडिओ: टचलाइनवर उभा असलेला वेंगर, पायघोळ काळा फुगीर कोट, आणि झिप लागत नाहीये. तो वाकतो, दोन टोकं जुळवतो, ओढतो, अर्ध्यावर अडकते, पुन्हा खाली. तेवढ्यात मैदानावर काहीतरी होतं, तो मान वर करतो, टोकं सुटतात. जगभर लोक त्या झिपेवर हसले. मीही हसलोय. यंदा भाच्यानं लावला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. त्याचे हात थंडीनं बधिर झाल्यासारखे दिसतात आणि चेहरा मात्र पूर्णवेळ चेंडूकडे आहे.

एक कबूल करून टाकतो. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर सामना चालू असताना आकाशात दोन विमानं फिरली. एकाच्या शेपटीला फलक: नवा करार नको, वेंगर चालते व्हा. दुसऱ्याच्या: आर्सेनवर आमचा विश्वास आहे. चाहत्यांनी पदरचे पैसे घालून विमानं भाड्यानं घेतली होती. भाऊबंदकी बांधावर होते, कोर्टात होते, हे पाहिलं होतं. हवेत झालेली ही पहिलीच. त्या वर्षी 'वेंगर आउट'ची पाटी कुठं कुठं निघाली विचारू नका, झिंबाब्वेत मुगाबेंच्या विरोधातल्या मोर्च्यातही कुणी ती धरून उभा होता. त्या दिवशी सामना तीन-एक हरलो आणि मी पहिल्या विमानाच्या बाजूचा होतो. दादाशी तीन महिने बोलणं बंद होतं. वहिनींचा फोन आला, तेव्हा मला वाटलं पैशाचं काही काम असेल. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या म्हाताऱ्याला काय बोललात? ह्यांचं जेवणात लक्ष नाही."

पुढच्या एप्रिलमध्ये वेंगरनं जायचं जाहीर केलं. मे महिन्यात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, बर्नलीवर पाच-शून्य, आणि न हरलेल्या वर्षाची सोनेरी ट्रॉफी त्याच्या हातात दिली. त्याला जा म्हणणाऱ्यांचेही डोळे भरले होते. माझे नव्हते. मी टीव्ही बंद करून पाणी प्यायला उठलो होतो, एवढंच.

गेल्यावर त्याचा भाव वाढायला लागला. हे आपल्याकडेही होतं, सासरा वारला की सून त्याच्या शिस्तीचं कौतुक सांगते. फरक इतकाच, की इथं माणूस चांगला हिंडता-फिरता आहे. फिफात फुटबॉलच्या जागतिक विकासाचं खातं सांभाळतो आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तर भुवनेश्वरला अकादमीच्या उद्घाटनाला येऊन गेला. दादाला तो परत गेल्यावर कळलं, अजून हळहळतो. त्याच वर्षी एमिरेट्सबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा बसला, ट्रॉफी डोक्यावर उचललेला. पण स्वतः त्या मैदानात पाहुणा म्हणून पाऊल टाकायला त्याला साडेचार वर्षं लागली होती. २०२२ च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी तो वरच्या बाकावर येऊन बसला. आपण हप्ते भरलेल्या घराची बेल वाजवायला माणसाला इतके दिवस का लागावेत, यावर मी दादाशीही बोललेलो नाही.

भाच्याचं दैवत आर्टेटा, वेंगरनंतर पुढं आर्सेनलचा मॅनेजर झालेला. २०२३, २०२४, २०२५, सलग तीनदा दुसरा नंबर. "पण निदान लढतो तरी!" असं तो म्हणतो, आणि दादा शांतपणे विचारतो, "आणि आर्टेटाला क्लबात आणलं कुणी?" खेळाडू म्हणून, २०११ मध्ये, त्या आठ-दोननंतर तिसऱ्या दिवशी, खरेदीची मुदत संपता संपता. आर्टेटाचा लाडका खेळाडू साका सात-आठ वर्षांचा असताना अकादमीत आला, तेही म्हाताऱ्याच्याच राज्यात. भाचा गप्प होत नाही, पण चिवडा खायला लागतो.

मला विचाराल तर वेंगरचा निकाल मी पिकांवर लावणार नाही आणि बोज्यावरही नाही. फेब्रुवारी १९९९, एफए कप, समोर शेफील्ड युनायटेड. त्यांचा खेळाडू जखमी होऊन पडला म्हणून त्यांनी चेंडू बाहेर घालवला. रिवाज असा, की आपण तो परत द्यायचा. आमचा कानू नवा होता, त्याला कळलं नाही, तो पळत सुटला, त्याच्या पासवर ओव्हरमार्सनं गोल केला. नियमानं गोल पक्का, सामना दोन-एकनं आपला. वेंगर म्हणाला, असं जिंकायचं नाही, पुन्हा खेळू. दहा दिवसांनी पुन्हा खेळले. पुन्हा दोन-एक. सातबाऱ्यावर ही नोंद करायला रकानाच नाही.

यावर दादा काही बोलला नाही. त्यानं ताट पुढं ओढलं आणि २००६ ची चॅम्पियन्स लीगची पॅरिसमधली फायनल मांडायला घेतली. समोर बार्सिलोना, म्हणून शंकरपाळ्या. चकल्या बचावाला, करंजी कॅम्पबेल, अनारसा ऑन्री, गोलमध्ये लाडू. "अठराव्या मिनिटाला लेमननं एटोला पाडला," असं म्हणून त्यानं लाडू उचलला आणि लाल कार्ड दाखवल्यासारखा हवेत धरला. त्याच्या जागी दुसरा गोलकीपर आणायचा, तर कुणाला तरी बाहेर काढावं लागणार. म्हाताऱ्यानं पिरेसला काढलं. त्याचा आर्सेनलसाठी तो शेवटचा सामना ठरला. दहा माणसं. तरी सदतिसाव्या मिनिटाला करंजीनं डोकं लावलं, एक-शून्य. दादानं पुढची मिनिटं एकेक करून मोजली नाहीत, पण तसा तो ताटाकडे बघत राहिला. शहात्तराव्या मिनिटाला एक शंकरपाळी सरकली. पाच मिनिटांत दुसरी.

"चौदा मिनिटं," दादा म्हणाला. "चौदा मिनिटं तग धरला असता ना, तर तुम्ही दोघं आज काय बोलला असता?"

भाच्यानं फोन पालथा घातला. मी करंजीकडे बघत होतो. तेवढ्यात ताई ताट उचलायला आली. साखरेच्या माणसापुढं मोजून दोन लाडू ठेवायची तिची पद्धत आहे.

"दादा, दुसरा लाडू कुठाय?"

"त्याला बाहेर काढलंय," दादा तोंड भरलेलं असताना म्हणाला.