'द वायर'चा चौथा सीझन आणि पट भरण्याची कला

'द वायर' ही बाल्टिमोर शहरातले पोलीस आणि अमली पदार्थांच्या टोळ्या यांच्यावरची अमेरिकन मालिका. ती बघायला सांगताना बरेच जण म्हणतात, सरळ चौथा सीझन लाव, शाळेचा. तसं करू नका. चौथ्यात आठवीला गणित शिकवायला आलेले प्रेझबिलूस्की सर आधीच्या तीन सीझनमध्ये पोलीस होते, आणि फळ्यापुढे उभ्या असलेल्या त्या माणसाची गंमत (आणि शोकांतिका) आधीचे ३७ भाग पाहिल्याशिवाय पोचत नाही.

प्रेझ पोलीस म्हणून तसा कुचकामीच. रस्त्यावर उतरला की काहीतरी घोळ घालतो, आणि तिसऱ्या सीझनमध्ये हातून साध्या वेशातला सहकारीच मारला जातो. पण टेबलाशी बसवलं की पठ्ठ्या वेगळाच. पहिल्या सीझनमध्ये अमली पदार्थ विकणारी पोरं पेजरवर जे नंबर पाठवतात ते खरे नसतात, आणि त्यांचं कोडं प्रेझच सोडवतो. गुपित फोनच्या बटणांत असतं: मधलं ५ ओलांडून समोरचं बटण घ्यायचं. १ चं ९, २ चं ८, ३ चं ७, ४ चं ६, आणि ५ व ० ची अदलाबदल. बाल्टिमोरचा फोनचा एरिया कोड ४१० असा लिहिला तर ६९५ होईल. शाळेत धड न टिकलेली पोरं हे हिशेब तोंडी करतात, हे लक्षात ठेवा. चौथ्या सीझनमध्ये त्याच वयाच्या पोरांना गणित येत नाही म्हणून सगळे डोकं धरून बसलेले असतात.

फोन टॅपिंगही इथे फिल्मी नाही. आधी न्यायाधीशापुढे शपथपत्र द्यायचं, बाकीचे मार्ग वापरून झाले हे पटवायचं. पे-फोनवर संशयितच बोलतोय हे कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं, म्हणून एक जण छपरावर ठाण मांडून बसतो. त्याने खूण दिली नाही तर ऐकायचं नाही. पुढे टोळी वापरून फेकायच्या मोबाइलवर जाते. नियम असा की गावोगाव फिरायचं आणि एका दुकानातून दोनच फोन घ्यायचे. खरेदीवर नेमलेला बर्नार्ड या वणवणीला कंटाळतो, एकाच दुकानात जास्त उचलतो, आणि पोलिसांना तेवढा धागा पुरतो.

आता आकड्यांकडे. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९४ मध्ये कॉम्पस्टॅट आणलं: दर बैठकीत आपल्या हद्दीतल्या गुन्ह्यांचे आकडे घेऊन अधिकाऱ्याने वरिष्ठांपुढे उभं राहायचं. मालिकेतल्या बाल्टिमोरमध्ये याची (तिथे नाव 'कॉमस्टॅट') जी अवस्था झालीय ती बघण्यासारखी आहे. आकडा खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे गुन्ह्याचं नाव बदलणं. गंभीर मारहाण साधी होते, लूट नुसती चोरी होते. आपल्याकडे हिसकावलेला मोबाइल कागदावर 'गहाळ' होतो, त्यातलाच प्रकार. खुनाचं नाव मात्र बदलता येत नाही, प्रेत समोर असतं. तिथे मग दुसरी युक्ती: प्रेत शोधायचंच नाही.

टोळीप्रमुख मार्लोची माणसं मुडदे ओसाड घरांत टाकतात आणि दारावरच्या फळ्या नेल गनने (खिळे ठोकायच्या यंत्राने) पुन्हा ठोकतात. हर्क या पोलिसाला त्यांच्या गाडीत ती नेल गन दिसलेलीही असते, पण त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. डिटेक्टिव्ह फ्रीमन मात्र फळीवरचे खिळे बघूनच ओळखतो की आत काय आहे. त्यावर खून विभागाच्या सार्जंटला काळजी कसली, तर वर्ष संपत आलंय आणि न सुटलेले इतके खून अचानक विभागाच्या फळ्यावर चढले तर उकललेल्या खुनांची टक्केवारी कोसळेल. (फळ्यावर लाल शाईतलं नाव म्हणजे न सुटलेला खून, काळं म्हणजे सुटलेला.)

शाळेचा भाग इथेच पोलिसांच्या भागाला चिकटतो. तुरुंगातून सुटलेल्या कटीला शाळेत कामावर घेतात, काम काय तर बुडवी पोरं पकडून आणायची. तो इमानाने आणतो. मग त्याला कळतं की या पोराची सप्टेंबरमधली एका दिवसाची हजेरी लागलीय, ऑक्टोबरमध्येही एकच दिवस हवाय. अनुदान तेवढ्यावर मिळतं. ज्याची हजेरी लागली त्याच्यामागे पुन्हा धावायचं कारण नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये शाळांची बोगस पटसंख्या पकडायला राज्यभर पटपडताळणी झाली, ती आठवणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

वर्गात प्रेझला शेवटी सूर सापडतो तो फाशांमुळे. पोरं गल्लीत फासे खेळतातच, तेव्हा कोणती बेरीज किती वेळा येईल हे तो त्यांना मोजायला लावतो. दोन फाशांवर सात सहा प्रकारे पडतं, दोन एकाच प्रकारे. हे पोरांना पैशांच्या भाषेत लगेच कळतं. शाळेच्या गोदामात नवी कोरी पुस्तकं धूळ खात पडलेली त्याला सापडतात ती याच सुमारास. मग राज्याच्या परीक्षेची वेळ येते आणि हुकूम सुटतो: बाकी सगळं बंद, नमुना प्रश्न घोटून घ्या. या परीक्षेत मुलं मोजली जात नाहीत, शाळा मोजली जाते, हे कळल्यावर प्रेझला कॉमस्टॅटची खोली आठवते. सीझनचा कणा मला तरी याच प्रसंगात दिसतो.

हे लेखकांनी हवेतून आणलेलं नाही. निर्माता डेव्हिड सायमन 'बाल्टिमोर सन'मध्ये पोलीस बातमीदार होता. सहलेखक एड बर्न्स आधी बाल्टिमोर पोलिसांत डिटेक्टिव्ह, नंतर तिथल्याच सरकारी शाळेत शिक्षक. प्रेझचा प्रवासही तोच. शिवाय चौथा सीझन सप्टेंबर २००६ मध्ये आला, आणि त्याच वर्षी मेरीलँड राज्याच्या शिक्षण मंडळाने बाल्टिमोरच्या ११ शाळा ताब्यात घ्यायचा घाट घातला होता. विधिमंडळाने तो अडवला.

राजकारणाचा धागाही त्यातच. नवा महापौर कारसेटी निवडून आल्यावर त्याला कळतं की शाळांच्या खात्यात ५ कोटी ४० लाख डॉलरची तूट आहे. गव्हर्नर पैसे द्यायला तयार आहे, पण अटी घालून. कारसेटीला पुढे गव्हर्नरच्याच खुर्चीसाठी लढायचंय, मग हात पसरलेला फोटो कशाला? तो पैसे नाकारतो.

म्हणून चौथा संपला की थांबू नका, पाचव्याचा पहिला भाग लगेच बघा. शाळांची तूट भरून काढताना पोलिसांचा ओव्हरटाइम थकलेला असतो, गाड्या नादुरुस्त असतात, आणि ओसाड घरांतल्या २२ मुडद्यांचा तपास पैसे नाहीत म्हणून गुंडाळला जातो.