चिमीचा केक आणि गिरणीतलं पीठ

माझ्या लेकीला, चिमीला, सिलिॲक हा आजार आहे हे कळून आता तीन वर्षं होतील. त्याच्या आधीचं अख्खं एक वर्ष पोट फुगतंय, वजन वाढत नाही, रक्त कमी आहे, जंताचं औषध द्या, टॉनिक द्या यातच गेलं. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची, सिलिॲक ओळखायची रक्ततपासणी सांगितली, मग एन्डोस्कोपी झाली आणि मग कळलं की गहू आयुष्यभर बंद. नुसती चपाती नाही, मैदा, रवा, शेवया, लापशी, सातूचं पीठ, नानकटाई, खारी, सगळं. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि घरी आल्या आल्या तिने पहिलं काय विचारलं, तर वाढदिवसाला केक असणार ना?

एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला ती कुणी वेळेवर सांगितली नव्हती. सिलिॲक ही ॲलर्जी नाही. गव्हाची ॲलर्जी वेगळी, आणि हे वेगळं, यात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. आणि शंका आली म्हणून तपासणीच्या आधीच गहू बंद करू नका, गहू बंद असला की तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. आधी तपासणी, मग काय ते.

तर केक. हे कळल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मी विकतचाच आणायचं ठरवलं. बेकरीत तीनदा विचारलं, गहू चालत नाही बरं का, ते म्हणाले काळजी करू नका ताई, मैदा अजिबात नाही, पूर्ण आट्याचा केक आहे. आटा म्हणजे गहूच हे मला ऐकताना लगेच लक्षात यायला हवं होतं पण मी गडबडीत होते, घरी येऊन डब्यावरचं वाचलं तेव्हा कळलं. तोवर चिमीने बोटाने क्रीम चाटून झालं होतं आणि एक घासही. रात्रभर पोट धरून बसली होती पोर. त्या रात्री ठरवलं की हे आता मीच करणार.

आपण राहतो सोलापुरात. घरात पोत्याने ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडी 35-1 हे वाण तर मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं, आणि ज्वारीत ग्लुटेन नसतंच. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, मैद्यात 3 च्या आसपास. म्हणजे ज्याच्यासाठी शहरातले लोक महागडी पाकिटं मागवतात ते आपल्या कोठीत आहे, मला वाटलं झालं काम, ज्वारीचं पीठ घ्यायचं आणि केक करायचा.

पण भाकरी खाऊनसुद्धा तिचं पोट मधेमधे दुखायचंच. महिनाभर मी डोकं खाजवत होते. मग एक दिवस दळण घेऊन गिरणीत उभी होते, माझ्या पुढच्या बाईंचे गहू दळून झाले आणि गिरणीवाल्या मामांनी त्याच जात्यात माझी ज्वारी ओतली. पहिलं पीठ पडलं ते पिवळसर होतं, मग हळूहळू पांढरं होत गेलं. मी बघतच राहिले. मामांना म्हटलं, यात गहू आला की हो. तर ते म्हणाले, "अक्का, ज्वारीच दळलोय की, गहू कुठला आला त्यात? पहिली मूठ बाजूला काढू का?" त्यांचा काहीच दोष नाही, सगळ्यांचं दळण असंच होतं आणि बाकी कुणाला त्याने फरकही पडत नाही. पण ग्लुटेन फ्री म्हणायला एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन लागतं, म्हणजे चिमूटभर गव्हाच्या पिठानेसुद्धा ते गेलं. मूठभर बाजूला काढून भागणारं नाही ते.

घरी आल्यावर चाळणी उजेडात धरून बघितली, जाळीच्या कडेला, पत्र्याच्या दुमडीत कणकेचं पीठ वाळून चिकटलेलं. वर्षानुवर्षांचं. तसंच लाकडी पोळपाट, लाटणं, उलथन्याची फट. त्या दिवशी ज्वारीसाठी चाळणी नवीन, डबा नवीन, परात वेगळी, पुढे महिन्याभरात घरघंटीही घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. घरघंटी स्वस्त नाही हे मान्य, पण दोन-तीन घरं मिळून घेऊ शकतात, एकच नियम, त्यात गव्हाचा दाणा जायचा नाही. आणि हो, हिंग. केकचा काही संबंध नाही पण सांगून ठेवते, बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबीवर वाचा. मी दोन वर्षं तो आमटीत घालत होते.

मग केक. पहिले चार केक वाळूसारखे. चव चांगली, पण सुरी लावली की भुगा, आणि जिभेवर कचकच. मी इसबगोल वाढवून बघितलं, केळं वाढवून बघितलं, कचकच काही जाईना. तेव्हा आमच्या आई, म्हणजे सासूबाई, शेजारी बसून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं ज्वारीला उकड नको का? गार पाण्यात कुणी भाकरी करतं का?" आणि तिथेच उलगडा झाला. ज्वारीतलं स्टार्च शिजायला गव्हापेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून आपण भाकरीला उकळतं पाणी घालतो. केकमध्ये मी ते पाणीच टाळत होते. आई दुसरंही एक म्हणाल्या, पीठ ताजं घे, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी कशी थापताना फुटते, केकही तसाच फुटतो.

आता मी असं करते. दीडशे ग्रॅम ज्वारीचं ताजं पीठ, त्यातलं अर्धं एका पातेल्यात घेऊन त्यावर दोनशे मिली उकळतं पाणी ओतायचं, चमच्याने घोटायचं, झाकून ठेवायचं. दुसऱ्या वाटीत दोन मोठे चमचे भाजून कुटलेले जवस आणि सहा मोठे चमचे पाणी, दहा मिनिटांत त्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट लगदा होतो, दोन अंड्यांचं काम तेवढ्यात भागतं. उकड कोमट झाली की त्यात जवस, एक पिकलेलं केळं कुस्करून, 120 ग्रॅम गुळाची पावडर, 80 मिली शेंगदाण्याचं तेल. मग उरलेलं पीठ, पन्नास ग्रॅम साबुदाण्याचं पीठ (मिक्सरला बारीक करून चाळायचा), दोन चमचे कोको, मीठ. सगळं एकजीव करून अर्धा तास तसंच ठेवायचं, हा अर्धा तास टाळायचा नाही, पीठ आतपर्यंत भिजलं की कचकच जाते. सोडा आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी, ओव्हन तापल्यावर, अर्धा छोटा चमचा सोडा, एक चमचा पावडर आणि एका लिंबाचा रस. रस घातला की पीठ फसफसतं, लगेच भांड्यात ओतून 170 डिग्रीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मिठाचा थर तापवून, शिट्टी आणि रिंग काढून मंद आचेवर, तिथे वेळ थोडा जास्त लागतो. आणि गार झाल्याशिवाय कापू नका. गरम कापला तर आतून चिकट लागतो आणि वाटतं कच्चा राहिला.

बेकिंग पावडरही बघून घ्या, तिच्यात स्टार्च कसला आहे ते. पॅकेटवर ग्लुटेनयुक्त धान्य, दूध, अंडं, शेंगदाणा, सुकामेवा, सोया हे सगळं वेगळं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, पण अक्षरं इतकी बारीक की मी आता दुकानातच मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचते.

आणि हेल्दी म्हणाल तर, गूळ घातला म्हणजे हेल्दी झालं असं मी म्हणणार नाही. गुळातही 80 टक्क्यांच्या वर साखरच असते. माझ्या केकमध्ये तंतू जास्त आणि तळहाताएवढा तुकडा खाल्ला की पोट भरतं, एवढंच मी छातीठोक सांगते. रोज खायचा पदार्थ नाही तो.

चिमीचा वाढदिवस संक्रांतीच्या आठवड्यात, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, गर्दीत येतो. यंदा तिच्या वर्गातली एक मैत्रीण येणार होती तिला दुधाची ॲलर्जी. तिच्या आईने आधीच फोन करून सांगितलं, आम्ही डबा घेऊन येऊ, तुम्ही त्रास करून घेऊ नका. मला ते ऐकून कसंतरीच झालं, कारण दोन वर्षं मीही हेच वाक्य दुसऱ्यांच्या घरी बोलत होते. दुधाची ॲलर्जी म्हणजे दुधातल्या प्रथिनांची, त्यामुळे दही नाही, बटर नाही, तूपसुद्धा नको, आणि एगलेस लिहिलेल्या केकमध्ये तर बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्क असतं. माझ्या केकमध्ये यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे बदल फक्त वरच्या थराचा. खजूर नारळाच्या दुधात भिजवून वाटले, तो लेप लावला आणि वर डाळिंबाचे दाणे, जानेवारीत आपल्याकडे डाळिंबाला काय कमी. शेंगदाण्याचं तेल चालेल का हे तिच्या आईला विचारून घेतलं, म्हणाली शेंगा चालतात, दूध सोडून सगळं.

तेरा पोरं होती. चिमीने मेणबत्ती विझवली, पहिला तुकडा त्या मैत्रिणीला भरवला, आणि ती पोरगी घास तोंडात तसाच ठेवून आईकडे बघायला लागली, गिळू का म्हणून. आईने मान हलवल्यावर गिळला. मग दुसरा मागितला.

तिची आई जाताना रेसिपी लिहून घेऊन गेली. परवा तिचा फोन आला होता, तिच्याकडे उकडीत गुठळ्या होतायत म्हणून. तिला सांगितलं, पाणी एकदम ओतू नकोस, आधी अर्धं ओतून घोटून घे आणि मग उरलेलं.