तुम्ही विचारलंत म्हणून: माझी क्रोमॅटिक अशी का लावलेली आहे

माझी क्रोमॅटिक हार्मोनिका, म्हणजे बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्धा स्वर चढवणारा माउथ ऑर्गन, कुणी हातात घेऊन फुंकली की चेहरा वाकडा होतो आणि मागोमाग प्रश्न येतो. लॅरी ॲडलर, टूट्स थीलमन्स, स्टीव्ही वंडर, या सगळ्या नामवंत वादकांना सोलो, म्हणजे नेहमीचं ट्यूनिंग पुरलं, मग तुम्हाला हे वेगळं डिमिनिश्ड कशाला हवं? सोलो पुरत नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. पण त्यांच्या वाजवण्यात ट्यूनिंगचा वाटा किती आणि त्यांचा स्वतःचा किती, हेही कधी विचारत चला.

सोलोमध्ये, हार्मोनियमची पांढरी एक हा सा धरून, चार होलांत फुंकून सा ग प सा आणि ओढून रे म ध नि. माझ्या डिमिनिश्ड वाद्यात फुंकून पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा. ओढून पांढरी दोन, पांढरी चार, काळी चार, पांढरी सात. शेजारचं प्रत्येक होल बरोबर तीन अर्धस्वर वर. त्यामुळे बारा पट्ट्यांना मिळून तीनच नकाशे. पट्टी तीन अर्धस्वरांनी बदलली तर तोंड एक होल सरकवायचं, बाकी श्वास आणि बटण जसंच्या तसं.

आता तो प्रसंग. गाणं पांढरी दोनमध्ये बसवलेलं. मधल्या तुकड्यात रे–कोमल ग–रे अशी एक मुरकी होती, माझीच, आणि मला तिचा अभिमान होता. सोलोवर ती दुसऱ्या होलात येते: फुंक चालू ठेवायची आणि बटणाला नुसती टिचकी मारायची. स्टेजवर जाण्याआधी गायिकाताई म्हणाल्या, "गळा बसलाय, पांढरी सातवर घेऊ." घेतलं, म्हणजे तीन अर्धस्वर खाली. सूर एकही चुकला नाही. पण पांढरी सातमध्ये तो रे म्हणजे काळी एक, बटण दाबून फुंकलेली; आणि कोमल ग म्हणजे पांढरी दोन, बटण सोडून ओढलेली. फुंका, ओढा, पुन्हा फुंका, आणि दरवेळी बटण उलटं. त्या लयीत ते होईना. दुसऱ्या आवर्तनापासून मी मुरकी सोडूनच दिली आणि सरळ सूर वाजवले. कार्यक्रमानंतर ताई मनापासून म्हणाल्या, "आज किती साधं वाजवलंस, छान वाटलं." त्या कौतुकाने मला रात्रभर झोप लागली नाही. माझं म्हणून जे काही होतं ते पट्टीबरोबर गळून पडलं होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तेव्हाचा सोलोवाला मी अजून भांडतो. म्हणतो, पांढरी सातचा रियाज वाढवायचा होतास. वाढवता आला असता. मग तो हुकमी पत्ता काढतो: "डिमिनिश्डवर ती मुरकी सोपी झाली का?" नाही झाली. तिथेही बटण दाबून फुंकायचं, बटण सोडून ओढायचं. म्हणजे पांढरी दोनमधली टिचकीही गेली. मिळालं इतकंच की आता ती दोन्ही पट्ट्यांत सारखीच अवघड आहे, एकदा बसली की दोन्हीकडे बसते. हा सौदा मला परवडतो. तुम्हाला परवडावा असा माझा हट्ट नाही.

आणि कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर? गेल्याच. शेजारची तीन होलं एकदम फुंकली की डिमिनिश्ड कॉर्डच निघते. सा-प ही साधी जोडीसुद्धा एका श्वासात मिळत नाही. ज्यांना सुरांखाली थोडा कॉर्डचा भराव लागतो त्यांनी सोलो सोडू नये; तशा गाण्यांना मीही सोलोच काढतो.

"मग ऑगमेंटेड का नाही?" हा पुढचा प्रश्न. तिथे शेजारचं होल चार अर्धस्वर वर, म्हणून तीन होलांत बाराही सूर, एकही पुन्हा न येता, आणि बारा होलांत चार सप्तकं. कागदावर देखणं आहे. पण पुनरावृत्ती नाही म्हणजे तोच सूर फुंकू की ओढू, हा पर्यायही नाही. डिमिनिश्डमध्ये निदान काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा आणि पांढरी एक दोन्हीकडून मिळतात. मला तेवढी पळवाट लागते.

एक मात्र सांगतो. हे वाचून आपली सोलो खरवडायला बसू नका. बारा होलांच्या क्रोमॅटिकमध्ये ४८ रीड, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या जिभल्या. त्यांतल्या किमान २४ बदलाव्या लागतात. बहुतेक अर्धा स्वर खाली, रिव्हेटजवळ, म्हणजे मुळाशी, खरवडून जमण्यासारख्या. पण चौथ्या होलातला वरचा सा थेट तीन अर्धस्वर खाली न्यायचा असतो, आणि आठव्या-बाराव्या होलातलाही. इतकं खरवडलं तर रीड मुळाशीच कमकुवत होते. तिथे टोकाला वजन चढवा, नाहीतर रीडच बदला.