दोर ढिला सोडून दाखवा

एंड्युरन्स स्पर्धेसाठी, म्हणजे घोड्यावरून लांब पल्ला कापण्याच्या शर्यतीसाठी, घोडा घेताना वय, दात आणि कागदपत्रे पाहणे एका सकाळीच आटोपले. पण दुडकी चाल नीट पाहायला मिळावी म्हणून मला एकाच तबेल्यात तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि त्याचा संताप अजून ओसरलेला नाही.

पहिल्या खेपेला घोडा मऊ वाळूत पळवून दाखवला. वाळूत टापा ऐकू येत नाहीत आणि दुखऱ्या पायाला बसणारा हादराही कमी होतो, म्हणून मी कठीण, सपाट जमिनीचा आग्रह धरला. दुसऱ्या खेपेला ती मिळाली, तर मोतद्दाराने दोर हनुवटीखाली इतका आखडून धरला की घोड्याला मान हलवायला जागाच उरली नाही. खरे तर तीच पाहायची असते: पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि निरोगी पायावर खाली आणतो. दोर ढिला सोडा, असे मी चारदा सांगितले. प्रत्येक वेळी ‘जनावर तापट आहे’ हेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला मी पशुवैद्यांना सोबत नेले, त्यांच्या सहायकाने हातभर दोर सोडून घोडा पळवला, आणि काही पावलांतच डाव्या पायावर डोके वर जाताना स्पष्ट दिसले. कान देऊन ऐकल्यावर एक टाप जड आणि एक हलकी पडत होती.

हे लंगडणे थोडे असले तरी चालवून घेता येत नाही. 160 किलोमीटरच्या स्पर्धेत तपासणीच्या थांब्यावर नाडी मिनिटाला 64 पर्यंत उतरली, तरी चाल असमान दिसल्यास घोडा बाद होतो.

मागच्या पायांसाठी मात्र घोड्याच्या मागे उभे राहून दोन्ही पुठ्ठे सारखे वरखाली होतात का, ते पाहावे. खुरावरच्या सांध्याच्या आतल्या बाजूचे केसही तपासावेत. तिथे घासल्याची खूण असेल, तर चालताना पाय एकमेकांना लागतात. शिवाय वेदनाशामक देऊन दुखणे झाकता येते, म्हणून चाचणीच्या दिवशीच रक्ताचा नमुना घेऊन ठेवावा.

शेवटी दुसरीकडून घेतलेला घोडा गुडघे उंच उचलत नाही, त्यामुळे पाहणाऱ्यांवर त्याची छाप पडत नाही. पण तो शक्ती वाया घालवत नाही. ओल्या मातीत तो साधा चालला, तेव्हा मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या चार बोटे पुढे उमटला होता, म्हणजे पावले लांब आणि मोकळी पडत होती, आणि मालकाने दोर आपणहून सैल सोडला होता.