ताशी साठच्या वेगाने बाथर्स्टची फेरी

सिडनीहून पश्चिमेला निघाले, की ब्लू माउंटन्सची रांग ओलांडून सुमारे दोनशे किलोमीटरवर बाथर्स्ट लागते. सन १८१५ मध्ये वसवलेले हे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातले युरोपीय लोकांचे सर्वांत जुने गाव. गावाच्या कडेला एक डोंगर आहे, ज्याला इथले मूळचे विराजुरी लोक वाहलू म्हणतात आणि बाकीचे जग माउंट पॅनोरमा म्हणून ओळखते. या डोंगरावर चढून पुन्हा खाली उतरणारा ६.२१३ किलोमीटरचा रस्ता म्हणजेच ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत मानाच्या मोटारशर्यतीचा ट्रॅक. शर्यतीचे मोजके दिवस सोडले, तर तो वर्षभर सार्वजनिक रस्ता असतो. त्याच्या कडेला लोकांची घरे आहेत, द्राक्षमळे आहेत, आणि वेगाची मर्यादा ताशी साठ किलोमीटर आहे. गेल्या शरद ऋतूत, म्हणजे इथल्या मे महिन्यात, मी तिथे जाऊन आलो. साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या शर्यतींची ज्यांना ओढ आहे, त्यांना जाताना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्यासोबत आमच्या शेजारचे आजोबा होते. ते मूळचे ऑस्ट्रेलियातलेच असून वयाची ऐंशी वर्षे त्यांनी पार केली आहेत. १९६६ साली, एकविशीत असताना, ते स्वतःची मिनी ही छोटी गाडी चालवत सिडनीहून बाथर्स्टला आले होते. त्या वर्षीच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत राउनो आल्टोनेन आणि बॉब होल्डन या जोडीची मिनी कूपर एस पहिली आली, आणि तिच्या मागचे आठ क्रमांकही मिनी कूपर एस गाड्यांनीच घेतले. संध्याकाळी आजोबा आपल्या मिनीत बसून घाटातून परत निघाले, तेव्हा रस्त्याने घरी जाणारी प्रत्येक मिनी दुसरीला हॉर्न देत होती. ही आठवण त्यांनी मला अनेकदा सांगितली आहे आणि ती ऐकूनच मला या जागेचे वेड लागले. गाडी साधी, रस्ता सार्वजनिक आणि पाहणाऱ्याच्या दारातही तशीच गाडी उभी, हे त्या शर्यतींचे मर्म आजच्या झगमगाटात कमी झाले आहे, असे मला मनापासून वाटते.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे, नाहीतर डोंगर नुसताच डोंगर दिसेल. ही शर्यत १९६० साली फिलिप आयलंडवर आर्मस्ट्राँग ५०० या नावाने सुरू झाली. १९६२ च्या शर्यतीत तिथला रस्ता उखडल्यामुळे १९६३ मध्ये ती बाथर्स्टला आली आणि त्या वर्षी हॅरी फर्थ व बॉब जेन यांनी फोर्ड कोर्टिना जीटी घेऊन ती जिंकली. नियम असा होता, की गाडी ऑस्ट्रेलियात बनवलेली किंवा जुळणी केलेली असावी आणि शोरूममध्ये मिळते तशीच ती धावावी. पुढे गट पाडले गेले तेही गाडीच्या किमतीवरून. म्हणजे सामान्य गिऱ्हाईक आपल्या ऐपतीचा गट निवडून त्यातली कोणती गाडी पाचशे मैल टिकते हे पाहू शकत असे. कंपन्यांनाही ते कळत होते. १९७१ ची फोर्ड फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री ही चार दरवाजांची कौटुंबिक गाडी. पण शर्यतीत इंधन भरायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात, कमी वेळा थांबावे लागावे म्हणून तिला तब्बल ३६ गॅलनची टाकी दिलेली होती. ॲलन मॉफट या चालकाने १९७० आणि १९७१ ही दोन्ही वर्षे एकट्याने, जोडीदार न घेता, सहा-सहा तासांहून अधिक वेळ चाकावर बसून जिंकली. १९७१ मध्ये वाऱ्याने उडून आलेले बिअरचे खोके त्याच्या गाडीच्या पुढच्या जाळीवर चिकटून बसले. इंजिन तापेल म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, पण गाडी तशीच धावत राहिली.

आता प्रवासाकडे वळतो. सिडनीहून ग्रेट वेस्टर्न हायवेने काटूंबा, लिथगो करत जायला विश्रांती धरून साडेतीन तास लागतात. पहाटे निघालात, तर डोंगरमाथ्यावर दाट धुके मिळण्याची शक्यता असते. आम्हाला ते मिळाले आणि एक तास हळूहळूच जावे लागले. घाटरस्त्यावर कामे निघतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे ना हे पाहावे. पर्याय म्हणून बिलपिनवरून जाणारा बेल्स लाइन ऑफ रोड आहे. तो अरुंद आणि वळणावळणाचा आहे, पण सुंदर आहे. परतताना आम्ही तोच घेतला. रेल्वेनेही बाथर्स्टला जाता येते, परंतु फेऱ्या मोजक्या आहेत आणि गाडी हाताशी नसेल, तर येण्याचा अर्धा हेतू वाया जातो.

एक महत्त्वाची सूचना आधीच देतो. मी दोन वर्षांपूर्वी एकदा चौकशी न करता गेलो होतो. त्या दिवशी एका कार्यक्रमासाठी ट्रॅक बंद होता आणि कुंपणाबाहेरून डोंगर पाहून परत यावे लागले. ऑक्टोबरची मुख्य शर्यत, फेब्रुवारीतली बारा तासांची आणि ईस्टरची सहा तासांची शर्यत यांखेरीजही काही दिवस रस्ता बंद असतो, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी नगरपालिकेकडे विचारणा करावी.

पहिली फेरी गाडीने करावी, आणि ती शर्यतीच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट. रस्ता दुहेरी आहे, त्यामुळे आपल्या वाट्याला डावीकडची अर्धीच रुंदी येते. शर्यतीतले चालक वळण कापताना जी पूर्ण रुंदी वापरतात ती आपल्याला मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. पोलिसांची नजर असते आणि दंड कडक आहे. शिवाय कोणत्याही वळणामागे एखाद्या घराच्या फाटकातून गाडी बाहेर येत असते. पण साठचा वेगही पुरेसा आहे. हेल कॉर्नरचे डावे वळण घेतले, की माउंटन स्ट्रेटचा लांब चढ लागतो. ग्रिफिन्स बेंडनंतर द कटिंग ही खऱ्या अर्थाने खिंडच आहे. एका बाजूला डोंगर तासलेला आणि सहा मीटर पुढे गेल्यावर साधारण एक मीटर वर नेणारा चढ. आमच्या साध्या हॅचबॅकला तिथे दुसरा गिअर टाकावा लागला. बोरघाट किंवा खंबाटकी चढताना गाडीचा आवाज जसा जड होतो, तोच आवाज इथे ऐकू येतो.

याच खिंडीत १९८० साली डिक जॉन्सनची शर्यत संपली. ब्रिस्बेनजवळ पेट्रोल पंप चालवणारा हा माणूस आपली पुंजी घालून तयार केलेली निळी फाल्कन घेऊन आला होता आणि सुरुवातीपासून आघाडीवर होता. वळणावर बंद पडलेली गाडी उचलण्यासाठी टो ट्रक उभा होता, आणि उरलेल्या वाटेत वरून आलेला फुटबॉलएवढा दगड पडलेला होता. चुकवायला जागाच उरली नव्हती. गाडी दगडावर आणि मग भिंतीवर आदळली. त्यानंतर दूरचित्रवाणीवर बोलताना त्याला रडू आवरेना, आणि देशभरातून लोकांनी आपणहून पैसे पाठवायला सुरुवात केली. फोर्ड कंपनीने जमलेल्या रकमेएवढीच भर घातली. पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, जॉन्सनने जॉन फ्रेंचच्या साथीने ती शर्यत जिंकली. आम्ही गाडी पुढे मोकळ्या जागी उभी करून चालत मागे आलो. आजोबांनी खिंडीच्या भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. १९८० मध्ये त्यांनीही पैसे पाठवले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

दुसरी फेरी पायी करावी, असा माझा आग्रह आहे. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या बिंदूंत १७४ मीटरचे अंतर आहे आणि ते दूरचित्रवाणीवर अजिबात जाणवत नाही. सावकाश चालल्यास अडीच तास लागतात. सगळीकडे पदपथ नाही, म्हणून समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, रस्त्याच्या कडेने चालावे, उजळ रंगाचे कपडे घालावेत आणि लहान मुलांना घाटमाथ्यावर हात सोडून पळू देऊ नये. वाटेत पाण्याची सोय गृहीत धरू नये. आजोबांना चढ झेपणार नव्हता, म्हणून मी त्यांना गाडीने मॅकफिलॅमी पार्कला सोडले आणि मी एकट्याने चाललो. सोबत वयस्कर माणूस असेल, तर हाच उपाय करावा. तिथे गवतावर बसले, की ट्रॅकचा सर्वांत देखणा भाग समोर दिसतो आणि खाली पूर्ण बाथर्स्ट पसरलेले असते.

मॅकफिलॅमीच्या पुढचे स्कायलाइन हे नाव शब्दशः खरे आहे. रस्ता एका जागी संपतो आणि पुढे नुसते आकाश दिसते. दोन पावले पुढे गेल्यावर कळते, की रस्ता पायाखालून एकदम खाली गेला आहे. त्यानंतरची एसेस आणि डिपर ही वळणे उतरताना माझे गुडघे भरून आले. डिपरच्या आतल्या बाजूला उभे राहून खाली पाहिले, तर जिन्याच्या पायऱ्या उतरायच्या आहेत असे वाटते. जुन्या छायाचित्रांत इथे गाड्यांचे आतले चाक हवेत उचललेले दिसते. आज दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आहेत. त्या काळी मातीचे बांध, तारेचे कुंपण आणि झाडे होती. १९७१ मध्ये मॅकफिलॅमीपाशी टायर फुटून बिल ब्राउनची फाल्कन कुंपणावरून गडगडत गेली, गाडीचे जवळजवळ दोन तुकडे झाले आणि तो किरकोळ जखमांवर वाचला. जुन्या काळाबद्दल हळहळताना हेही विसरू नये. त्या भिंती मला दिसायला आवडत नाहीत, पण त्या तिथे असाव्यात.

फॉरेस्ट्स एल्बो या कोपरावळणानंतर जवळजवळ दोन किलोमीटरची कॉनरॉड स्ट्रेट सुरू होते. १९३९ मध्ये एका गाडीच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड इथे तुटला, त्यावरून हे नाव पडले. फेज थ्री फाल्कन इथे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जात आणि रस्त्यावरच्या उंचवट्यावर त्यांची चाके जमीन सोडत. १९८६ मध्ये याच पट्ट्यात माइक बर्गमन या चालकाचा मृत्यू झाला. त्यानंतर १९८७ मध्ये वेग कमी करण्यासाठी चेस हे वळण जोडले गेले. मी तिथे थांबलो, तेव्हा एक गृहस्थ शेजारच्या फाटकातून कचऱ्याचा डबा ओढत बाहेर आले, त्यांनी तो कॉनरॉडच्या कडेला ठेवला आणि मला हात करून आत गेले.

मरेज कॉर्नरजवळचे राष्ट्रीय मोटर रेसिंग संग्रहालय दुपारसाठी राखून ठेवावे. दोन तास तरी हवेत. गाड्या अनेकदा मालकांकडून तात्पुरत्या आणलेल्या असतात आणि बदलत राहतात, त्यामुळे एखादी विशिष्ट गाडी पाहायची असेल, तर आधी विचारावे. इथे पीटर ब्रॉकचा पुतळा आहे. ब्रॉकने ही शर्यत नऊ वेळा जिंकली. पहिल्यांदा १९७२ मध्ये, पावसात, टोराना एक्सयू-१ या छोट्या गाडीतून एकट्याने. पाचशे मैलांची ती शेवटची शर्यत. त्याच वर्षी वृत्तपत्रांनी अतिवेगवान गाड्या सर्रास विकल्या जाणार म्हणून गहजब केला, कंपन्यांनी नव्या गाड्यांचे बेत गुंडाळले, आणि १९७३ पासून शर्यत हजार किलोमीटरची होऊन गाड्यांत बदल करण्याची मुभा मिळाली. माझ्या मते शोरूमची गाडी आणि शर्यतीची गाडी यांची ताटातूट तिथूनच सुरू झाली. तरीही १९७९ ची टोराना ए९एक्स पाहताना कोणाचेही भान हरपेल. ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स त्या वर्षी तब्बल सहा फेऱ्यांच्या आघाडीने जिंकले, आणि सावकाश घरी येण्याऐवजी ब्रॉकने शेवटच्याच फेरीत २ मिनिटे २१.१ सेकंदांचा विक्रम केला.

मी एका जुन्या टोरानाच्या खिडकीतून आत वाकून पाहिले. काच खालीवर करायचे साधे हँडल, बोटाएवढ्या जाडीचे स्टेअरिंग, दाराला आतून तेच रेक्झिन, जे कोणत्याही कौटुंबिक गाडीला असे. आमच्या पिढीच्या मराठी वाचकांना एक दुवा सांगावासा वाटतो: ऐंशीच्या दशकात जी रोव्हर एसडी१ इथे आणि युरोपात धावली, तिचीच बॉडी मद्रासच्या स्टँडर्ड २००० ला होती. पुण्यात रस्त्याने जाताना वळून पाहिलेली गाडी इथल्या छायाचित्रांत क्रमांक लावून दिसते, तेव्हा हा डोंगर फार परका राहत नाही.

मुक्काम करायचा असेल, तर शर्यतीचा आठवडा टाळावा. त्या वेळी खोल्या अनेक महिने आधी भरतात. प्रत्यक्ष शर्यतच पाहायची असेल आणि जुन्या काळाच्या जवळ जायचे असेल, तर मी ऑक्टोबरऐवजी ईस्टरची सहा तासांची शर्यत सुचवीन, कारण तिथे बाजारात मिळणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या लहानमोठ्या गाड्या गटागटांनी एकत्र धावतात. गाव साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. मे ते सप्टेंबर रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून लोकरीचे कपडे न्यावेत. अंधार पडण्यापूर्वी निघावे, कारण संध्याकाळी ट्रॅकवर आणि घाटातही कांगारू अचानक समोर येतात.

निघण्यापूर्वी आम्ही तिसरी फेरी केली, या वेळी उलट दिशेने. ती जरूर करावी, कारण कॉनरॉडचा चढ तेव्हाच लक्षात येतो. आजोबांनी खिडकीची काच खाली केली आणि थंडी असूनही पूर्ण फेरीभर तशीच ठेवली. हेल कॉर्नरला उतरून आलो, तेव्हा समोरून एक जुनी हिरवी मिनी चढाकडे वळत होती. आजोबांनी माझ्या हातावरून पुढे वाकून हॉर्न दिला, आणि तिकडूनही उत्तर आले.